चेल्सी : मारेस्का आणि मालक यांच्यात नक्की चाललंय काय?

शेडएंड | १४ डिसेंबर २०२५

काल एव्हर्टनला २-० हरवलं. पामरने गोल केला, गुस्तोने केला, सलग चार सामने विजयाशिवाय गेले होते ती साडेसाती एकदाची संपली. शनिवार मजेत जायला हरकत नव्हती. तेवढ्यात आपला मॅनेजर मारेस्का पत्रकारांसमोर आला आणि म्हणाला, मी या क्लबमध्ये आल्यापासूनचे सर्वांत वाईट ४८ तास म्हणजे हे गेले दोन दिवस, कारण बऱ्याच जणांनी आम्हाला पाठिंबा दिला नाही.

कोणी नाही दिला? सांगायला तयार नाही. प्रेक्षकांनी? छे, प्रेक्षक मला आवडतात. मग उरलं कोण? पत्रकारांनी फिरवून फिरवून विचारलं, पण पठ्ठ्याने नाव घेतलं नाही.

हरल्यावर मॅनेजर भडकतो, ते आपल्याला नवीन नाही. इथे संघ जिंकलाय, प्रश्नही अवघड नव्हता, आणि तरी हा बोलला. म्हणजे बोलायचं ठरवूनच आला होता. त्याच्या बोलण्याचा रोख मैदानाबाहेर, वरच्या मजल्याकडे होता असं मला तरी वाटतंय.

गेल्या ऑगस्टची आठवण झाली. बचावपटू कोलविलचा गुडघा गेला तेव्हा मारेस्काने उघडपणे सांगितलं होतं की मला सेंटर बॅक हवाय आणि माझं मत क्लबला पक्कं ठाऊक आहे. क्लबचं उत्तर होतं, आहेत त्यांच्यातूनच भागवा. तेव्हा हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण क्लब वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात पीएसजीला ३-० धुऊन जेमतेम महिना झालेला माणूस एक बचावपटू मागतो आणि त्याला वाट बघायला लावतात, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

मी मारेस्काचा भक्त नाही. गोलकीपरपासून चेंडू खेळवत आणण्याचा त्याचा हट्ट कधीकधी डोक्यात जातो. पण मालकांशी वाजलं की आपल्याकडे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुन्हा तेच होणार का, एवढंच विचारायला धागा काढलाय.

---

राखीव गोली | १४ डिसेंबर

जिंकल्यावर रडणारा पहिलाच मॅनेजर. हरला तर काय करेल?

---

तटस्थ प्रेक्षक | १४ डिसेंबर

शेडएंड, तुम्ही जरा जास्तच वाचताय त्यात. इटालियन माणूस आहे, मनातलं बोलून गेला. आठवडाभरात सगळे विसरतील.

---

शेडएंड | १४ डिसेंबर

विसरले तर आनंदच आहे. पण मनातलं बोलून गेलेला माणूस नाव घेऊन मोकळा होतो. नाव गिळून फक्त "बरेच जण" म्हणणारा माणूस निरोप धाडत असतो.

आपल्या क्लबात निरोप धाडायची पद्धत जुनी आहे. सप्टेंबर २००७ मध्ये तेव्हाचा मॅनेजर मोरिन्यो याने अंड्यांचं आख्यान लावलं होतं, आठवतंय का? चांगली अंडी असतील तर चांगलं ऑम्लेट होतं, दुकानात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या प्रतीची अंडी मिळतात, आणि पहिल्या प्रतीची मिळाली नाहीत तर अडचण होते. सगळे हसले. आदल्या वर्षी मालकाच्या आवडीने शेवचेन्को आला होता आणि मॅनेजरला हवे ते आले नव्हते, हे ज्यांना माहीत होतं ते हसले नाहीत. त्यानंतर रोझेनबोर्गशी १-१ बरोबरी आणि २० सप्टेंबरला मोरिन्यो बाहेर. लागोपाठ दोन लीग जिंकून दिलेला मोरिन्यो!

---

लालपक्षी | १५ डिसेंबर

मी लिव्हरपूलवाला. तुमच्या दुःखात मला सुख वाटायला हवं, पण हे प्रकरण आमचा मॅनेजर राफा बेनिटेझ याच्या वेळेसारखं दिसतंय म्हणून लिहितो.

हिक्स आणि जिलेट या दोघा अमेरिकनांनी क्लब घेतला फेब्रुवारी २००७ मध्ये. मे महिन्यात अथेन्सला मिलानकडून फायनल हरलो आणि बेनिटेझने दुसऱ्याच दिवशी सांगितलं की आता खरेदीचे निर्णय लवकर झाले पाहिजेत. नोव्हेंबरमध्ये त्याने जानेवारीच्या खरेदीबद्दल विचारलं, तर वरून उत्तर आलं, तू आहेत त्या पोरांना शिकव. मग ती प्रसिद्ध पत्रकार परिषद झाली. काहीही विचारा, उत्तर एकच : नेहमीप्रमाणे माझं लक्ष संघाच्या सरावावर आणि प्रशिक्षणावर आहे. दुखापतींबद्दल विचारा, तेच. जानेवारीबद्दल विचारा, तेच. त्याच आठवड्यात न्यूकासलला मॅच होती. नेहमी सूट-टायमध्ये उभा राहणारा माणूस त्या दिवशी ट्रॅकसूट घालून आला. मला कोच म्हणताय ना, मग घ्या कोच! ३-० जिंकलो.

पोर्टोच्या मॅचआधी लोकांनी राफासाठी अ‍ॅनफिल्डपर्यंत मोर्चा काढला. आणि जानेवारीत हिक्सने स्वतःच कबूल केलं की राफाच्या जागी आणायला आम्ही क्लिन्समनला भेटलो होतो.

आता यातली खरी गंमत बघा. राफा त्यानंतरही अडीच वर्षं टिकला. २००८-०९ ला ८६ गुण घेऊन दुसरे आलो. भांडणाने लगेच काही मोडलं नाही. पण आतून पोखरत गेलं. रॉबी कीन आला आणि सहा महिन्यांत परत गेला. कोण कोणाच्या मर्जीने आला यावरून आमच्यात अजून वाद होतात. २००९ ला आलोन्सो माद्रिदला गेला, पुढच्या मोसमात सातवे, आणि जून २०१० मध्ये राफा गेला. ऑक्टोबरात मालकही गेले, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर.

---

शेडएंड | १५ डिसेंबर

लालपक्षी, ट्रॅकसूटचा किस्सा माहीत नव्हता. दंडवत घ्या.

पण तुमच्या राफाला एक गोष्ट लाभली होती : स्टँड त्याच्या बाजूने होतं. मारेस्कासाठी आमच्याकडे मोर्चा सोडा, कोणी फलक रंगवेल की नाही शंका आहे. कॉन्फरन्स लीग आणि क्लब वर्ल्ड कप जिंकूनही लोकांच्या मनात तो शिरलेला नाही. आणि मालकांनाही हे दिसत असणारच.

---

हिशेबनीस | १६ डिसेंबर

मालकांच्या बाजूने बोलायला कोणी नाही म्हणून मी बोलतो. शिव्या नंतर द्या.

तुम्ही सगळे "मॅनेजरला हवा तो खेळाडू द्या" म्हणताय. आता क्लबची वही उघडून बघा. एन्झो फर्नांडेझ जानेवारी २०२३ मध्ये १० कोटी ६८ लाख पौंडांना घेतला, करार साडेआठ वर्षांचा. ही रक्कम हिशेबात एकदम पडत नाही, कराराच्या वर्षांत वाटली जाते. म्हणजे वर्षाला साधारण सव्वा कोटी. तोच करार पाच वर्षांचा असता तर वर्षाला २ कोटी १० लाखांच्या वर गेला असता. म्हणून लांबलचक करार केले. पुढे युएफाने (युरोपातल्या फुटबॉलची संघटना) आणि मग प्रीमियर लीगने ही वाटणी पाच वर्षांपुरतीच मर्यादित केली, पण आधी झालेले करार तसेच चालू आहेत.

आता याची दुसरी बाजू. दोन वर्षांनी एन्झोची वहीतली किंमत जेमतेम सव्वादोन-अडीच कोटींनी उतरलेली असते. त्याला त्या वेळी आठ कोटींच्या खाली विकला तर क्लबच्या नावावर तोटा लागतो. म्हणून ज्या पोरावर पैसे लावलेत तो खेळताना दिसला पाहिजे, फिट राहिला पाहिजे, त्याचा भाव टिकला पाहिजे. मॅनेजरने त्याला महिनाभर बाकावर बसवलं तर तो फक्त अकरा जणांचा निर्णय राहत नाही. शनिवारी मॅनेजर जो कागद भरून देतो तो मालकाच्या ताळेबंदावर उमटतो.

त्यात प्रीमियर लीगची तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंड तोट्याची मर्यादा, वर युएफाने याच जुलैत क्लबला ठोकलेला ३ कोटी १० लाख युरोंचा दंड. मालक हुकूमशहा आहेत म्हणून नाक खुपसतात असं नाही. त्यांनी धंदाच असा मांडलाय की नाक खुपसल्याशिवाय तो चालत नाही.

---

राखीव गोली | १६ डिसेंबर

म्हणजे उद्या संघाची यादी सीए सही करून देणार. व्हीएआर परवडला.

---

शेडएंड | १६ डिसेंबर

हिशेबनीस, शिव्या कशाला, तुम्ही माझीच काळजी आकड्यांत मांडलीत.

हेच मला म्हणायचंय. इथे कोणी दुष्ट असायची गरजच नाही. मारेस्काला शनिवारचे तीन गुण हवेत, मालकांपैकी एगबालींना २०३० सालचा भाव हवाय. दोघेही आपापल्या जागी बरोबर. मधल्या मध्ये डॉक्टर आणि फिजिओ सापडतात. रीस जेम्सला किती मिनिटं खेळवायचं, फोफानाला आठवड्यात दोनदा उतरवायचं की नाही, यावरून कुरबुरी असल्याच्या बातम्या येताहेत. मॅनेजर हरत असेल आणि वैद्यकीय विभाग म्हणाला की याला साठाव्या मिनिटाला बाहेर काढ, तर त्याने काय करायचं? काढलं तर स्टँड ओरडतं, नाही काढलं तर ऑफिस.

पुढचा प्रश्न असा की आमच्याकडे "ऑफिस" म्हणजे नक्की कोण? जुना मालक अब्रामोविच होता तेव्हा एक बरं होतं, बाण कुठून येणार ते माहीत असायचं. अँचेलोटीला २०११ मध्ये, लीग आणि कप दोन्ही जिंकल्यानंतर बरोब्बर एका वर्षाने, एव्हर्टनच्याच मैदानात सामना संपल्यावर बोळात गाठून नारळ दिला. डी मातेओला चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर सहा महिन्यांत. क्रूर होतं, पण एकाच्या डोक्यातून निघालेलं होतं. आता मालकांत टॉड बोली आहेत, क्लिअरलेकवाले एगबाली आहेत, ज्यांच्या कंपनीकडे ६० टक्क्यांहून जास्त वाटा आहे, मग विनस्टॅन्ली आणि स्टुअर्ट हे दोन स्पोर्टिंग डायरेक्टर. गेल्या वर्षी सप्टेंबरात बोली आणि एगबाली यांचंच आपसात पटत नसल्याच्या बातम्या होत्या. "बऱ्याच जणांनी" यातला नेमका कोण हे मारेस्कालाही सांगता आलं नसेल कदाचित.

---

तटस्थ प्रेक्षक | १७ डिसेंबर

काल कार्डिफला ३-१ हरवलंत, लीग कपच्या उपांत्य फेरीत गेलात. धागा बंद करा आता. :)

थोडं गंभीर बोलतो. स्पोर्टिंग डायरेक्टरने खेळाडू घ्यायचे आणि कोचने शिकवायचे ही पद्धतच वाईट असल्यासारखं सगळे लिहिताय. ब्रायटनकडे बघा. २०२२ च्या सप्टेंबरात तुम्हीच त्यांचा मॅनेजर पॉटर पळवलात. त्यांनी डी झेर्बी आणला आणि त्याच मोसमात सहावे येऊन पहिल्यांदा युरोपात गेले. डी झेर्बी गेला, ३१ वर्षांचा हुर्झेलर आणला. क्लब चालूच आहे. ब्रेंटफर्डचा थॉमस फ्रँक याच उन्हाळ्यात स्पर्सला गेला, तर त्यांनी सेट-पीसचा कोच असलेल्या कीथ अँड्र्यूजला बसवला. रडारड नाही, निरोप नाहीत.

आणि लालपक्षी, तुमच्याकडेसुद्धा २०१७ ला मॅनेजर क्लॉपला ब्रांट हवा होता. स्पोर्टिंग डायरेक्टर एडवर्ड्स आणि मंडळींनी सालाहसाठी धोशा लावला. पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको.

---

लालपक्षी | १७ डिसेंबर

मान्य. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे. एडवर्ड्सने क्लॉपला पटवलं. त्याच्या गळ्यात मारलं नाही. आणि क्लॉपने नंतर चारचौघांत सांगितलं की ते बरोबर होते. विश्वास असला की वाद झाले तरी चालतात.

---

शेडएंड | १७ डिसेंबर

ब्रायटनचं उदाहरण आमच्या मालकांनाही फार आवडतं, म्हणून तर तिथून पॉटर आणला, विनस्टॅन्ली आणला, कुकुरेया, सांचेझ, कायसेडो, आता जुआव पेद्रो. फक्त एक सामान तिकडेच राहिलं : धीर. ब्रायटनला सातवं-आठवं आलं तर गावात उत्सव. आमच्याकडे पॉटर सात महिन्यांत गेला.

ब्रायटनमध्ये येणाऱ्या कोचला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की खेळाडू क्लब घेणार आणि उद्या विकणारही. आमच्याकडे करार ब्रायटनचा आणि अपेक्षा मोरिन्योच्या. माणूस दोन कप जिंकतो, त्याला वाटतं आता आपला शब्द चालेल. तिथे ठिणगी पडते. पोचेटिनोचंही तेच झालं, सहावा आला, शेवटचे पाच सामने सलग जिंकला, आणि मोसम संपल्यावर दोन दिवसांत "परस्पर संमतीने" गेला.

---

काळापांढरा | १९ डिसेंबर

उद्या आमच्याकडे येताय, स्वागत आहे. तोवर न्यूकासलची एक गोष्ट ऐका. मालक विरुद्ध मॅनेजर या विषयात आम्ही पीएचडी केलीय.

२००८. किगन मॅनेजर, अ‍ॅशली मालक, मध्ये खेळाडूंची खरेदी बघणारा डेनिस वाइज. ऑगस्टच्या शेवटी वाइज किगनला सांगतो, इग्नासिओ गोन्झालेझ नावाचा एक भारी खेळाडू लोनवर येतोय. किगन विचारतो, कोणी खेळताना पाहिलाय याला? कोणीच नाही. त्याला सांगितलं, यूट्यूबवर आहे, बघून घे. किगनने बघितलं. म्हणाला, नको. तरीही घेतला! पुढे लवादासमोर क्लबनेच सांगितलं की दक्षिण अमेरिकेतल्या दोन एजंटांची मर्जी राखायला तो सौदा केला होता. किगनने ४ सप्टेंबरला राजीनामा दिला. लवादाचा निकाल २००९ मध्ये लागला : खेळाडूंबाबत शेवटचा शब्द किगनचा हे क्लबने मान्य केलं होतं आणि ते मोडलं, २० लाख पौंड भरपाई द्या.

आदल्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, वेस्ट हॅममध्ये कर्बिशलीने राजीनामा दिला होता. त्याचे दोन बचावपटू, मॅकार्टनी आणि अँटन फर्डिनांड, त्याला डावलून सन्डरलंडला विकले. त्याच्या करारात तर लेखी कलम होतं. तोही केस जिंकला.

म्हणून माझं म्हणणं, पत्रकार परिषदेत कोण काय बोलला त्याचा कीस पाडू नका. सहीचा अधिकार कोणाकडे होता ते विचारा.

---

शेडएंड | १९ डिसेंबर

लाख बोललात. आणि मारेस्काकडे तो अधिकार कधीच नव्हता, त्यामुळे तो कुठल्या लवादात जाणारही नाही. आजच्या करारांत किगनचं ते कलम कोणी ठेवतच नाही. भांडण होतं, पण कागदावर मुद्दाच उरलेला नसतो. मग ते असं अर्धवट वाक्यांतून गळत राहतं.

आज विचारलं त्याला मँचेस्टर सिटीबद्दल. तिथला मॅनेजर पेप याने सोडलं तर हा त्यांच्या यादीत आहे म्हणे. शंभर टक्के वावड्या आहेत, माझा करार २०२९ पर्यंत आहे, असं उत्तर दिलं. करार २०२९ पर्यंत आहे हे वाक्य कोणी स्वतःहून सांगायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो.

---

शेडएंड | ३१ डिसेंबर

न्यूकासलला ०-२ वरून २-२. व्हिलाकडून घरात १-२. काल बोर्नमथशी घरात २-२. पासष्ट मिनिटंही झाली नव्हती तेव्हा पामरला बाहेर काढलं आणि अख्खं मैदान ओरडलं की तुला काय करतोस ते कळत नाही. मी वर लिहिलं होतं तसा पेच. काढायचा निर्णय कोणाचा होता कोण जाणे, शिव्या एकट्याने खाल्ल्या.

नंतर पत्रकार परिषदेला आलाच नाही. त्याचा सहायक कॅबाल्लेरो आला. बरं नाहीये म्हणाला.

---

राखीव गोली | ३१ डिसेंबर

बरं नाहीये हे तर आम्हाला १३ तारखेलाच कळलं होतं.

---

तटस्थ प्रेक्षक | १ जानेवारी २०२६

शेडएंड, नववर्षाच्या शुभेच्छा देणार होतो, पण बातमी वाचली. गेला तुमचा माणूस.

---

शेडएंड | १ जानेवारी

वाचली. क्लबच्या निवेदनाचा सूर असा की चार स्पर्धा अजून हातात आहेत, मोसम पुन्हा रुळावर आणायला बदल हवा हे दोघांनाही वाटलं. दोघांनाही! संघ पाचवा आहे. लीगमध्ये सात सामन्यांत एक विजय, हेही खरं, ते लपवत नाही. पण पाचव्या क्रमांकावरचा, गेल्या सात महिन्यांत दोन कप जिंकलेला मॅनेजर नववर्षाच्या सकाळी जातो तेव्हा कारण गुणतक्त्यात शोधू नये.

सिटीशी बोलणं झालं होतं हे त्याने स्वतःच क्लबला सांगितलं होतं, असं आता बाहेर येतंय. तसं असेल तर मालकांना राग येणारच. दुसऱ्या घरी बोलणी करणाऱ्याने इथे पाठिंबा मिळत नाही म्हणून तक्रार करावी, हेही जरा अतीच. माझी सहानुभूती निम्म्यावर आली.

---

ओल्ड ट्रॅफर्डी | ५ जानेवारी

नवीन सभासद, मँचेस्टर युनायटेडवाला. इतके दिवस वाचत होतो, आज राहवलं नाही. आमचाही गेला.

काल लीड्सशी १-१ झाल्यावर आमचा मॅनेजर अमोरिम म्हणाला, मी इथे मॅनेजर व्हायला आलो, नुसता कोच व्हायला नाही. स्काउटिंगवाल्यांनी आणि स्पोर्टिंग डायरेक्टरने आपलं काम करावं, मी माझं करतो. आज सकाळी नारळ. चौदा महिने.

तुमचा मारेस्का आडून बोलला तर अठरा-एकोणीस दिवस टिकला, आमचा सरळ बोलला तर एक दिवस. आणि आमच्या मालकांचा हा पहिलाच पराक्रम नाही. २०२४ ला टेन हागने सिटीला हरवून एफए कप जिंकला, त्या उन्हाळ्यात हे दुसऱ्या मॅनेजरांशी बोलत होते. कोणी पटलं नाही म्हणून त्याचाच करार वाढवला आणि ऑक्टोबरात काढला. तुमचं ब्रायटन-ब्रेंटफर्ड ठीक आहे हो, पण मोठ्या क्लबात ही पद्धत अजून कोणाला नीट जमलेली दिसत नाही.

---

हिशेबनीस | ५ जानेवारी

लिव्हरपूलला जमलीय की. स्लॉट हेड कोच म्हणूनच आला आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकला.

---

लालपक्षी | ५ जानेवारी

नजर लावू नका.

---

शेडएंड | ६ जानेवारी

नवा मॅनेजर रोझेनियर आला. करार २०३२ पर्यंत. सहा वर्षांहून जास्त! (राखीव गोली, काही बोलू नका.)

कुठून आला? स्ट्रासबूर्गहून. म्हणजे त्याच मालकांच्या दुसऱ्या क्लबातून, जो त्यांनी २०२३ मध्ये घेतला. गेल्या मोसमात त्याने तिथे कोवळ्या पोरांना घेऊन सातवं स्थान आणि युरोपचं तिकीट मिळवलं, माणूस कामाचा दिसतो, बोलतोही छान. त्याच्याबद्दल तक्रार नाही.

पण जरा स्ट्रासबूर्गच्या प्रेक्षकाच्या जागी उभे राहा. सप्टेंबरात कळलं की आपला कर्णधार एमेघा पुढच्या मोसमात चेल्सीला जाणार. जानेवारीत, ऐन मोसमात, मॅनेजरच उचलून नेला. त्यांचे अल्ट्राज, म्हणजे कट्टर समर्थक, मालकांविरुद्ध फलक लावतात तेव्हा आपल्यातले काही जण हसायचे. त्यांच्या क्लबात मॅनेजर आणि मालक यांचं भांडण झालंच नाही, सगळं गोडीगुलाबीत झालं, आणि तरी नुकसान प्रेक्षकाचंच.

म्हणून नवीन मॅनेजर मालकांच्या ओळखीचा आहे, आता वाद होणार नाहीत, हे जे सगळीकडे ऐकू येतंय त्याने मला धीर येत नाही. वाद न होणं मला नकोच आहे. ऑगस्टमध्ये सेंटर बॅक हवाय हे सांगणारा माणूस बरोबर होता. डिसेंबरात गोल खाल्ले ते त्याच जागेतून. उद्या रोझेनियरला तेच दिसलं तर तो बोलेल का? ज्यांनी त्याला फ्रान्समधून इथवर आणलं, त्यांना तो बंद दाराआड तरी "हे पुरेसं नाही" म्हणेल का? त्याने म्हणावं आणि त्यांनी ऐकावं, मला पत्रकार परिषदेत काही कळलं नाही तरी चालेल.

---

तटस्थ प्रेक्षक | ६ जानेवारी

आणि नाही ऐकलं तर?

---

शेडएंड | ६ जानेवारी

तर २०२७ मध्ये भाग दोन काढू, शीर्षकात फक्त नाव बदलायचं.

तूर्तास जानेवारीची खरेदी-विक्रीची विंडो उघडी आहे. रविवारी सिटीकडे जाऊन तात्पुरता मॅनेजर मॅकफार्लेन याने हाताशी होता तो संघ घेऊन १-१ केलं, एन्झोने अगदी शेवटी मारला. म्हणजे पोरांत दम आहे. उद्या फुलहॅम, तिथेही मॅकफार्लेनच. शनिवारी एफए कपला चार्लटनकडे, रोझेनियरची पहिली मॅच. मागे कोण दोघं खेळतात तेवढं मी बघणार आहे. ज्यांना संघाची यादी आधी कळेल त्यांनी इथे टाका.

---

राखीव गोली | ६ जानेवारी

सीएला फोन लावतो.